दीड वीत

पहाटेचे पाच. वसईच्या एव्हरशाईन सिटीत अजून कुणाच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आलेली नाही. बंद शटरांसमोर दुधाचे क्रेट उतरतायत. स्टेशनकडे निघालेल्या पहिल्या शेअर रिक्षात चौघं डोळे मिटून बसलेत. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर अंधारात नुसता जाड रेषेसारखा दिसतोय. रात्रभर पाऊस पडलाय. तुम्ही वसंत नगरीच्या मैदानाच्या कडेला वाकून बुटाची नाडी आवळताय आणि समोर भरतीची पोरं अंग मोकळं करतायत.

आठ-दहा जण असतील. दोघं अनवाणी. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं की पुरे वीस गुण. चारशेच्या चार फेऱ्या धरल्या तर एका फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. हा आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ आहे. तुम्हीही तो सोबत ठेवा, वाटेत लागेल.

आता घड्याळाचं बटण दाबा आणि पळा. पहिल्या वळणावर चिखल आहे, दुसऱ्यावर ओलं गवत. तिसऱ्यावर डबकं आहे, ते चुकवायला तुम्ही उडी मारता.

पाय खाली टेकतात तेव्हा तिथे चिखल नसतो.

तळव्याला खालून कुणीतरी परत ढकलल्यासारखं वाटतं. सिंथेटिक ट्रॅक. तुम्ही पटकन आतल्या गवतावर सरकता. तुम्ही कुणाला दिसत नाही, पण तरी वाटेत उभं राहायचं नाही. तारीख २१ नोव्हेंबर २०१०, चीनमधलं ग्वांगझू, आशियाई खेळ. महिलांची दहा हजार मीटरची शर्यत. पंचवीस फेऱ्या.

ही शर्यत टीव्हीवर सलग पाहायला मिळणं कठीण. चार फेऱ्या झाल्या की पडद्यावर भालाफेक येते, मग लांब उडी, मग जाहिरात, आणि परत येतो तोवर घोळक्यातल्या निम्म्या जणी मागे पडलेल्या असतात. कधी, कुठे, कशामुळे, हे कुणी सांगत नाही. तुम्ही मात्र आज गवतावर उभे आहात. कान द्या. सुरुवातीला सगळ्यांची पावलं मिळून पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. दहाव्या फेरीच्या आसपास तो विरळ होतो. विसाव्या फेरीत तर एकेक पाऊल वेगळं ऐकू येतं, कुणाचं हलकं, कुणाचं टाच घासणारं. लांब पल्ल्याची शर्यत आधी कानाला कळते, डोळ्यांना मागून.

निळ्या बनियनमधल्या दोघी भारताच्या. एक प्रीजा श्रीधरन, केरळच्या इडुक्कीची. दुसरी कविता राऊत. तिचं सावरपाडा गाव नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला. आपल्या पालघर जिल्ह्याच्या मोखाड्याची हद्द ओलांडली की तोच सगळा मुलूख. डोंगर, नागलीची शेतं, उन्हाळ्यात डोक्यावरून आणलेलं पाणी. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्याकडे ती घडली. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. एरवी खेळाडूंना दिलेली अशी नावं मला आवडत नाहीत, पण या नावात गावाचं नाव आहे, म्हणून हे असू दे.

सहा आठवड्यांपूर्वी दिल्लीत राष्ट्रकुल खेळांत याच अंतरावर कविताने कांस्यपदक घेतलंय. वेळ होती ३३ मिनिटं ०५.२८ सेकंद. राष्ट्रकुलात ट्रॅकवर भारतीय बाईने मिळवलेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. आज ती त्याहून पुष्कळ जोरात पळतेय. का, ते बघायला फार लांब जायला नको: तिच्या बाजूला प्रीजा आहे. दोघींच्या छातीवर एकच झेंडा आहे, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, दोघींपैकी एकही दुसरीला सोडायला तयार नाही. त्यांच्याजवळ बहारीनची करीमा जासिम आहे.

घंटा वाजते. शेवटची फेरी. तुमच्या तोंडून नकळत निघतं, “चल गं, चल, चल!” आवाज कुणाला जात नाही, तरी निघतो. पंचवीस फेऱ्या संपतात. प्रीजा ३१:५०.४७, राष्ट्रीय विक्रम. कविता ३१:५१.४४. करीमा ३१:५३.२७. दहा किलोमीटर पळून तिघी तीन सेकंदांच्या आत, आणि पहिल्या दोघींत एका सेकंदाच्या शंभरातल्या सत्त्याण्णव भागांचं अंतर.

तो साडेसत्त्याहत्तरचा आकडा आठवला? कविताची सरासरी फेरी साडेशहात्तर सेकंदांच्याही किंचित आत आहे. पोलीस भरतीचे पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा चार फेऱ्या ज्या वेगाने पळतो, त्याहून जास्त वेगाने ती पंचवीस फेऱ्या पळली. दिल्लीतल्या स्वतःच्या वेळेपेक्षा जवळपास ७४ सेकंद कमी. दिल्लीची शर्यत मुळात संथ होती हे खरं, पण संथ शर्यत आणि वेगवान शर्यत यांत फरक कोण करतं? सोबत कोण पळतंय, तेच करतं. सहा आठवड्यांत कुणाची फुप्फुसं बदलत नाहीत.

आपल्याकडे अशा दिवशी एक वाक्य हमखास छापतात: अमुकला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. मला ते वाक्य कधीच पटलेलं नाही. रेषा ओलांडल्यावर कविताकडे नीट बघा. गुडघ्यांवर हात, बनियन अंगाला चिकटलेलं, पाठ भात्यासारखी हलतेय. आयुष्यात एवढ्या जोरात ती कधी पळालेली नव्हती. यात समाधान मानावं लागण्यासारखं काय आहे?

चला. घड्याळ पुढे पळतंय, आणि मधली काही ठिकाणं तुम्हाला जाता जाताच दिसणार आहेत. १५ ऑगस्ट २०१६, रिओ. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी येतेय. माण म्हणजे टँकरने पाणी येणारा तालुका, आणि ही पोरगी पाण्याने भरलेल्या खड्ड्यावरून उड्या मारतेय. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. तुम्हाला थांबावंसं वाटतं, पण पुढची घंटा वाजलीय.

२०१८. हे साल वसईकराला वेगळं सांगायला नको. जुलैत पाणी भरलं, लोकल थांबल्या, तळमजल्यावरच्या लोकांनी गाद्या माळ्यावर टाकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २७ तारखेला तुम्ही भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममध्ये उभे आहात. एक सडपातळ फौजी स्टीपलचेस पळतोय. त्याच्या मागे लांबवर बाकीचे आहेत, पुढे कुणीच नाही. खऱ्या अर्थाने त्याच्याबरोबर पळतोय तो गोपाळ सैनी, आणि सैनी इथे नाहीत. त्यांचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ साली टोकियोत झालेला. सदतीस वर्षं तो कुणी मोडू शकलं नव्हतं. आज हा मुलगा ८:२९.८० पळतो.

सदतीस वर्षं विक्रम टिकला हे आपण कौतुकाने सांगतो. सैनींच्या पायांचं कौतुक जरूर करावं. पण त्यात एक दुःखही आहे. सदतीस वर्षं आपल्याकडे एकमेकांना रेटणारी दोन माणसं एका वेळी एका ट्रॅकवर उभी राहिली नाहीत. कागदावरच्या वेळेचा पाठलाग माणूस एखाद्या दिवशी करतो. रोज करायला समोर हलणारी पाठ लागते.

या मुलाचं नाव अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, एसटी नाही, म्हणून चालत नाहीतर पळत. बारावीनंतर फौजेत, ५ महार. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम. पळण्याच्या शर्यतींत तो फौजेत गेल्यावर आला, तेही २०१५ च्या सुमारास. सुटलेलं वीस किलो वजन त्याने तीन महिन्यांत उतरवलं. स्टीपलचेसकडे त्याला वळवलं फौजेतले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी.

या शर्यतीचं गणित एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढे डोळे कुठे ठेवायचे ते कळेल. अंतर तीन हजार मीटर. वाटेत पस्तीस उड्या: अठ्ठावीस अडथळ्यांवरच्या, सात पाण्यावरच्या. पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा थोडी जास्तच. हा अडथळा धक्का लागला की पडत नाही. जाड लाकडाची तुळई, वजन ऐंशी ते शंभर किलो. अडथळ्यांच्या छोट्या शर्यतीत पाय लागला तर हर्डल आडवं होतं. इथे माणूस आडवा होतो. पाण्याच्या खड्ड्याची लांबी ३.६६ मीटर. तो अडथळ्यालगत सगळ्यात खोल, पुढे उथळ होत शून्यावर येतो. तुळईवर एक पाय देऊन जितकं लांब झेपावाल तितकं कमी पाणी. कमी झेपावलात तर घोट्याच्या वर भिजता आणि पुढची पन्नास पावलं बूट पाणी ओकत राहतो.

एका पूर्ण फेरीत अशा पाच उड्या. धावण्याची लय दर तेरा-चौदा सेकंदांनी मोडायची आणि पुन्हा जुळवायची. घोळक्यात असाल तर समोरच्याची पाठ आड येते, अडथळा शेवटच्या क्षणी दिसतो. म्हणून एकटं पळणं सोपं, घोळक्यात पळणं अवघड. पण वेगवान वेळ घोळक्यातच होते. साबळेला भारतात घोळका मिळत नव्हता.

मिळाला तो दोहाला. १ ऑक्टोबर २०१९, जागतिक स्पर्धा, प्राथमिक फेरी. खलिफा स्टेडियममध्ये बाहेरच्या वाळवंटी उकाड्यातून आत यावं तर गार हवेचे झोत अंगावर येतात. पोरं पळत येतात, आणि इथिओपियाचा एक धावपटू अडखळतो, साबळेच्या वाटेत पडतो. पाय मोडणारे अपघात असेच होतात. साबळे त्यातून सावरतो, तुटलेली लय पुन्हा जोडतो आणि ८:२५.२३ मध्ये रेषा ओलांडतो. राष्ट्रीय विक्रम झाला, पण पुढच्या फेरीची जागा हुकली. भारतीय पथक दाद मागतं. पंच चित्रफीत पाहतात आणि त्याला अंतिम फेरीत घेतात.

तीन दिवसांनी, अंतिम फेरीत, तुम्ही रेषेपाशी थांबा, तिथून हलू नका. केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुटो, रिओचा ऑलिम्पिक विजेता, आणि इथिओपियाचा लामेचा गिर्मा छाती पुढे फेकत एकाच वेळी आत येतात. डोळ्यांना काही कळत नाही. फलकावर आकडे उमटतात: ८:०१.३५ आणि ८:०१.३६. एक शतांश. साबळे वीस सेकंदांनी मागून तेरावा येतो, ८:२१.३७, पुन्हा नवा राष्ट्रीय विक्रम. तीन दिवसांत दोनदा विक्रम, आणि दोन्ही वेळा पुढे माणसं होती म्हणून. या शर्यतीतून तो काय घेऊन गेला हे मी त्याला विचारलेलं नाही. पण तो त्याच ट्रॅकवर होता, आणि सोन्याचांदीतलं अंतर एका शतांशाचं असू शकतं हे त्याने त्या रात्री फलकावर वाचलं असणार. पुढे हेच त्याच्या वाट्याला येणार होतं.

आता दम घ्या. आपण जिथे निघालो होतो ते ठिकाण आलंय.

शनिवार, ६ ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅम, अलेक्झांडर स्टेडियम. राष्ट्रकुल खेळ, पुरुषांची स्टीपलचेस, अंतिम शर्यत. तुमच्या आजूबाजूला इंग्रजी बोलणं चाललंय आणि तुमच्या खिशात वसई रोडचं रेल्वे पासचं पाकीट आहे. इथे काय पणाला लागलंय ते मराठीत सांगणारा कुणी नाही. बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत ऐकवलं, घरोघरच्या आजींना स्लिप आणि गली कळायला लागली. पळण्याला असा आवाज मिळालेला मी ऐकलेला नाही. तेव्हा आज बोलायचं ते तुम्हीच. हळू बोला, पण सगळं सांगा.

आधी आकडा सांगा. १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, आणि या शर्यतीची अठराच्या अठरा पदकं केनियाने नेली. सोनं, चांदी, कांस्य, दर वेळी तिन्ही. १९९४ नंतर केनियाबाहेरच्या माणसाला इथे पदक शिवलेलं नाही. आजही त्यांचे तिघं आहेत: किप्रुटो, अब्राहम किबिवोट आणि अमोस सेरेम. लोक तिघांच्या क्रमाबद्दल बोलतायत. चौथा कोण, हा प्रश्नच कुणाला पडलेला नाही.

मग दुसरा आकडा सांगा. तीनच आठवड्यांपूर्वी अमेरिकेत युजीनला जागतिक स्पर्धेत साबळे ८:३१.७५ पळून अकरावा आला होता. म्हणजे उतरती कळा? नाही. ती शर्यत कुणीच ओढली नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि निकाल शेवटच्या फेरीवर गेला. डावपेचांच्या शर्यतीची वेळ वाचून पळणाऱ्याचं मोल ठरवता येत नाही. समालोचकाचं खरं काम हेच. पुढे कोण ते तर पडद्यावर दिसतंच, शर्यत कुठल्या जातीची आहे ते त्याने सांगायचं.

पिस्तूल झालं. केनियाचे तिघं लगेच पुढे. साबळे चौथा. पहिली फेरी संपते तेव्हा तुम्ही घड्याळ बघता आणि तुमचा श्वास बदलतो. ही युजीनची शर्यत नाही. ही ओढली जातेय.

“साबळे चौथा आहे, पण सुटलेला नाही. पाठीला लागून आहे.”

पाण्याच्या खड्ड्यापाशी जा, अगदी जवळ. पहिला येतो, तुळईवर डावा पाय टेकवतो, झेपावतो, उजवा पाय पाण्याच्या उथळ काठावर, छप्प. दुसरा, छप्प. तिसरा, छप्प. मग साबळे. त्याच्या बुटाची टाच तुळईच्या पुढच्या कडेला लागते, गुडघा दुमडतो, अंग फार वर उडत नाही, पुढेच जातं. पाण्याचे थेंब तुमच्या पोटरीवर येतात. चौघांच्या पाठीमागे ट्रॅकवर ओल्या पावलांची एक माळ उमटते, आणि पुढच्या फेरीला ते येईपर्यंत सुकायला लागते.

दोन हजार मीटर होईपर्यंत पुढचे तिघं केनियाचे आणि चौथा साबळे, हे चित्र बदलत नाही. पण आतून ते बदलायला लागलंय. किप्रुटोची पावलं जड झालीत. दोहाला एका शतांशाने जग जिंकणारा हा माणूस आज थकलाय. एका अडथळ्यानंतर तो दोन पावलं हरवतो, पुढच्याला चार. तो मागे जाणार, सहावा येणार. त्याच्याकडे बघून तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू दे. ज्याला हरवायचं त्याच्याविषयी आदर नसेल तर हरवण्यात काही उरत नाही.

“किप्रुटो सुटला! साबळे आता पदकात आहे. पुढे दोघं. सेरेम आणि किबिवोट.”

मागच्या बाकावरचा माणूस आता कार्यक्रमपत्रिकेत नाव शोधतोय. हा चौथा कोण?

साबळे सेरेमलाही मागे टाकतो. घंटा वाजते. आता शर्यत दोघांची. किबिवोट पुढे, साबळे त्याच्या उजव्या खांद्यामागे. समोरच्या सरळ रस्त्यावर पहिला अडथळा, दोघं एकाच वेळी हवेत. दुसरा. तिसरा. या क्षणी मांडव्याहून शाळेला पळणारा मुलगा वगैरे काही आठवू नका. तसं आठवणं लेखकांना शोभून दिसतं, शर्यतीत त्याला जागा नसते. फक्त अंतर बघा. चार हात. वळणावर शेवटचं पाणी. छप्प, छप्प, आवाज आता दोनच. बाहेर पडताना साडेतीन हात.

“एकच अडथळा उरलाय! किबिवोटला मागचा श्वास ऐकू येतोय! साबळे बाहेरून येतोय, बाहेरून...”

शेवटचा अडथळा. दोघंही स्वच्छ. आणि तिथून रेषेपर्यंत साबळेचं पळणं बदलतं. खांदे वर येतात, मान ताठ होते, जबडा उघडा पडतो. तंत्र मोडतंय, वेग मात्र मोडत नाही. दोन हात. एक. किबिवोट शेवटच्या पावलाला छाती फेकतो. साबळेही फेकतो.

फलक उजळतो. किबिवोट ८:११.१५. साबळे ८:११.२०.

पाच शतांश. त्या वेगात ते अंतर भरतं दीड वीत. हाताचा पंजा पूर्ण ताणून जमिनीवर ठेवा, मग अर्धा आणखी. तीन हजार मीटर, पस्तीस उड्या, आणि शेवटी एवढंच. सेरेम तिसरा, ८:१६.८३.

एका फेरीला सरासरी साडेपासष्ट सेकंद. भरतीच्या पोरांचे सोळाशे मीटर त्याने त्या वेगाने चार मिनिटं बावीस सेकंदांत पुरे केले असते, तेही ओट्याएवढ्या तुळया ओलांडत, ओल्या बुटांनी. राष्ट्रीय विक्रम सव्वा सेकंदाने खाली आला. पण मला विचाराल तर त्या दिवसाची गोष्ट विक्रमाची नाही. भुवनेश्वरला तो सदतीस वर्षांपूर्वीच्या वेळेशी एकट्याने झगडत होता. इथे त्याला जिवंत माणूस मिळाला, आणि त्या माणसालाही हा मिळाला. किबिवोटने ८:११.१५ मारले ते साबळे खांद्यामागे होता म्हणूनच ना? दोघांनी मिळून ती शर्यत घडवली. सोनं एकालाच देता येतं, हा पदकांचा नियम आहे, त्याला इलाज नाही.

खरी चढाओढ एका दिवसात संपत नाही. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये हीच माणसं पुन्हा भेटली. बर्मिंगहॅमला साबळेच्या साडेपाच सेकंद मागे राहिलेला सेरेम तिथे ८:०२.३६ पळून दुसरा आला, पहिल्याची वेळही शतांशापर्यंत तीच. किबिवोट तिसरा. साबळे सहावा. आणि त्या सहाव्या क्रमांकाची वेळ होती ८:०९.९१, त्याची तोवरची सर्वोत्तम. आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली त्या दिवशी गळ्यात काही पडलं नाही. फक्त वेळेची यादी वाचणाऱ्याला बर्मिंगहॅम कळणार नाही, फक्त पदकं मोजणाऱ्याला पॅरिस कळणार नाही. दोन्ही एकदम समजावून सांगेल असा आवाज आपल्या भाषेत हवा आहे. मला तो मनापासून हवा आहे.

मधलं हांगझू बघायचं तर बघा, २०२३ ची १ ऑक्टोबर, आशियाई सुवर्ण ८:१९.५० मध्ये, तिथे तो सगळ्यांच्या पुढे एकटाच पळतोय, आनंदाने. तीन दिवसांनी पाच हजार मीटरचं रौप्यही आहे. मोनॅकोला, २०२५ च्या जुलैला मात्र मी तुम्हाला नेणार नाही. पाण्याच्या उडीवर तो तिथे पडला आणि गुडघा गेला. ते जवळून पाहण्यात काही मिळवायचं नाही.

उडी मारा. डबकं तेच, चिखल तोच.

एव्हरशाईनमध्ये उजाडलंय. तुंगारेश्वराची कड आता स्वच्छ दिसतेय, रस्त्यावर इडलीवाल्याचा भोंगा वाजतोय. तुमच्या पोटरीवर पाणी आहे. कुठलं, ते तुम्हाला माहीत. भरतीची पोरं फक्कीच्या रेषेपाशी गोळा झालीत. फोनवर मोजून त्यांनी मैदानात चारशेचा फेरा आखलाय. एक जण तुमच्याकडे येतो.

“काका, टायमिंग घेता का? सोळाशेचं. आमच्यातला टायमिंगवाला आज आला नाही.”

तुम्ही घड्याळ शून्यावर आणता. “रेडी... गो!”

पहिली फेरी. एक उंच मुलगा सरळ दहा मीटर पुढे निघून जातो, बाकीचे मागे घोळक्यात. तो रोज असाच पुढे जात असणार, आणि रोज एकटाच पळत असणार. रेषेपाशी तो येतो तेव्हा तुम्ही ओरडता, “ऐंशी!” तो मान हलवतो, वेग तेवढाच. घोळका येतो. त्यात पुढे एक अनवाणी मुलगा आहे, बुटका, चांगल्या दमाचा, पण समोरच्या उंच पाठीकडे बघायचंच नाही असं ठरवून खाली नजर घालून पळणारा.

“ए, वर बघ! त्र्याऐंशी! तीनच सेकंद आहेत तुमच्यात! त्याची पाठ बघ!”

तो दचकून वर बघतो.

दुसरी फेरी. पलीकडच्या वळणावर डबकं आहे. उंच मुलगा ते वळसा घालून टाळतो. अनवाणी मुलगा सरळ वरून उडी मारतो. तुम्ही आता जागेवर उभे नाही आहात, आतल्या बाजूने गवतावरून पोरांच्या बरोबरीने चालताय, मग पळताय, आणि तोंड थांबत नाहीये.

“एकशे एकोणसाठ पुढचा! एकशे एकसष्ट मागचा! अंतर दोन झालं! पुढच्या, मागे कोण आहे ऐकतोयस का?”

उंच मुलगा ऐकतो. पहिल्यांदाच त्याचे खांदे हलतात, पावलं लांब पडायला लागतात. तिसऱ्या फेरीला दूध घेऊन निघालेल्या एक काकू कठड्याशी थांबतात. रिक्षावाला हॉर्न वाजवत नाही.

“शेवटची फेरी! साडेतीन हात! डबक्यापाशी येतायत, पुढचा या वेळी वळसा घालत नाही, तोही उडी मारतोय, दोघं हवेत, दोघं एकदमच...”